यात्रेत वाचलेली अर्धी गोष्ट

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्याची आधीच माफी मागते. तसं हे कुणाला दाखवायला लिहीत नाही.

आमच्या ह्यांनी मुलांसाठी इतकी पुस्तकं लिहिली की कपाट पुरत नाही. मुलाखतीला माणसं येतात, मी चहा ठेवून आत जाते. पहिल्या पुस्तकाचं कुणी विचारलं की हे हसून आत माझ्याकडे बोट दाखवतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तेव्हा हे कळंबकडं शाळेवर होते. पुस्तक कुणी छापेना, म्हणून माझ्या थोरल्या भावानं म्हैस विकून पैसे दिले. पुस्तकं छापून आली आणि बाजेखाली पडून राहिली. एक दिवस हे म्हणाले, "दादांचे पैसे फिटले तर पुढं लिहीन. नाहीतर हेच शेवटचं."

चैत्रात येरमाळ्याच्या यात्रेत आम्ही बांगडीवालीशेजारी पोतं अंथरलं. देवीच्या नावानं चुन्याचे खडे वेचून माणसं परतत होती, पण थांबत कुणी नव्हतं. ओरडून ओरडून ह्यांचा घसा बसला. मग मला म्हणाले, "तू वाच."

मी पदर पुढं ओढला. विहिरीत पडलेल्या करडाची गोष्ट होती. लाजेनं आवाजच फुटेना.

"मावशी, मोठ्यानं की!" एक पोरगी म्हणाली.

मला जमेना. मग पोरंच सरकत सरकत माझ्या गुडघ्याला येऊन टेकली. त्यांचा वाकलेला घोळका बघून मोठी माणसं घुसायला लागली. "काय हाय वो तिथं? साप निघाला का?"

गोष्टीतल्या करडाला बांधलेला दोर विहिरीत अर्ध्यावर आला आणि माझ्या घशाला कोरड पडली. पाणी प्यायला थांबले, तर पोरं ओरडली, "करडू निघालं का न्हाय?"

बांगडीवाली खेकसली, "पुस्तकात हाय ते! आयांना म्हणावं पैसे काढा!"

आयांनी पैसे काढले आणि त्या दिवशी बरीच पुस्तकं गेली. त्यानंतरची ह्यांची प्रत्येक गोष्ट आधी मीच वाचते. मी जिथं आवंढा गिळते, तिथं हे प्रकरण संपवतात.

पुढच्या यात्रांनाही आम्ही तिथंच बसलो. शेवटी एकदा माहेरी जाऊन ह्यांनी दादापुढं पैसे ठेवले. दादानं न मोजता ते वहिनीकडं दिले.

"दाजी, आता माझ्या म्हशीची गोष्ट लिवा."

"लिहायला घेतलीय," हे म्हणाले.

वहिनीनं मात्र पैसे नीट मोजले. सगळे फिटले होते.