साहेबाची आया

आमच्या ग्रंथालयाच्या भिंतीवर एका नामांकित इंग्रज लेखकाचा लहानपणचा फोटो आहे. साहेबाच्या राज्यात तो इथेच जन्मला. लेसचा झगा घालून तो एका लुगड्यातल्या बाईच्या मांडीवर बसलाय. खाली लिहिलंय, 'थोर लेखक आणि त्यांची आया'.

माझ्या लेकीनं ते वाचलं. आईचं अनेकवचन आया, हे ती नुकतीच शाळेत शिकलीय. "आई, याला आया किती होत्या गं? इथे तर एकच दिसतेय."

मी हसले, पण आतून चिडलेच. याच्या गोष्टींत माकडालासुद्धा नाव असतं. आपल्या माणसांबद्दल मात्र असं काही लिहिलंय की पुस्तक फेकून द्यावं. तेही होत नाही, इतक्या गोष्टी गोड! कितीतरी त्यानं याच मांडीवर ऐकल्या असणार.

"हिचं नाव काय हो?" मी ग्रंथपालबाईंना विचारलं.

"अहो, आया ती. तिचं नाव कोण लिहून ठेवतंय?"

संध्याकाळी लेकीनं गोष्ट मागितली. तोंडात आली ती त्याचीच. "कुणाची गं ही गोष्ट?" तिनं विचारलं.

मी मुकाट्यानं साहेबाचं नाव सांगितलं. दुसरं मला कुठे माहीत होतं?