शिडाच्या नावेवरचा अँटिना

जहाजवाले काका आठवडी बाजारात भेंडी घेत तीही वायरलेसवर बोलल्यासारखी. भाजीवालीनं सांगितलेलं सगळं आधी तिलाच परत ऐकवायचे आणि शेवटी ‘ओव्हर’ म्हणून उभे राहायचे. समोरच्याचं पुरतं बोलून होईपर्यंत मधे शब्द टाकायचे नाहीत. आमच्या वरवट बकाल गावात चार माणसं एकदम बोलतात आणि चौघांनाही सगळं कळतं. तिथं असा माणूस म्हणजे नवलच.

नौदलात वायरलेसवर उभी हयात घालवून ते पेन्शनवर गावी आले. आल्यावर माणूस शेतीत लक्ष घालतो, पारावर बसतो. यांनी घरामागच्या गोठ्यात शिडाची नाव बांधायला घेतली. सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा तलाव आहे, तिथं चालवायला म्हणे. वर्षभर गावाला दुसरी करमणूक लागली नाही. माझं चौकात टीव्ही-डिशचं दुकान. हसणाऱ्यांची बैठक तिथंच भरायची आणि मी काही मागे नव्हतो.

काकूंना मात्र हसू येत नव्हतं. काकांना एकदा हृदयाचा झटका येऊन गेला होता. त्यांनी अट घातली: पाण्यावर असाल तेवढा वेळ दर पंधरा मिनिटांनी तुमचा आवाज मला घरात ऐकू आला पाहिजे, एकदा जरी चुकला तरी नाव विकायची. तलावावर मोबाइलला रेंज नाही. मग वायरलेसचा एक सेट नावेवर आणि एक घरी, असं ठरलं. त्यावर बोलायला परवाना लागतो, परवान्याला परीक्षा. काकांजवळ तो होताच. साठीला टेकलेल्या काकू पुस्तक घेऊन बसल्या आणि पहिल्या झटक्यात पास झाल्या. प्रेम प्रेम म्हणतात ते आमच्या गावात मी असं पाहिलं.

अँटिना बसवायला काकांनी मला बोलावलं. छपरांवर शेकडो बसवले होते, मला काय त्याचं! पण डोलकाठीच्या टोकापासून सेटपर्यंत ती वायर नेताना त्यांनी माझा पार भुगा केला. वायर काठीच्या पोटातून घ्यायची. कुठं करकचून वळवायची नाही. भोकातून आत शिरण्याआधी खाली झोळ सोडायचा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं. आणि वरपासून खालपर्यंत एकच अखंड वायर. “पाण्याले बाहेरच उतरू दे बे,” ते म्हणायचे, “आत आलं का मंग कोनाचं आयकत नाई.”

वायर दोन हात कमी पडली. नवं बंडल खामगावहून यायला दोन दिवस लागणार होते आणि नाव तर दुसऱ्याच दिवशी, रविवारी, पाण्यात उतरायची होती. काका जेवायला गेले तेवढ्यात मी काठीच्या बुडाशी तुकडा जोडला, वर काळी टेप गुंडाळली आणि वायर पुरल्याचं सांगून टाकलं. टीव्हीला चालतं ते नावेला काऊन नाही चालणार, हे माझं शहाणपण.

दोन रविवार आवाज खणखणीत आला. तिसऱ्या रविवारी मी त्यांच्याच घरी डिश दुरुस्त करत होतो आणि सेट मुका झाला. काकूंनी पाचदा हाक मारली. मग अनवाणीच माझ्या गाडीवर मागे बसल्या. तलावावर पोचलो तर पांढरं शीड आरामात काठाकडे येत होतं. मी धावत पुढं जाऊन नाव ओढायला हात लावला. काकांनी काठीच्या बुडाशी बोट दाखवलं. टेप सुटली होती, तांबं हिरवं पडलं होतं. त्यांनी टेप पुन्हा गुंडाळली आणि काकू बांधावरून खाली आल्यावर म्हणाले, “बोलतानी बटन दाबाचं राह्यलं माह्याकडून.”

काकू एवढंच बोलल्या, “नाव इका.”

चार दिवस मी गप्प बसलो. गावात कळलं असतं तर माझ्या हातून कुणी डिश बसवून घेतली नसती, आणि काकांना ते ठाऊक होतं म्हणूनच त्यांनी दोष स्वतःवर घेतला होता. पाचव्या दिवशी नाव बघायला गिऱ्हाईक येणार असं कानावर आलं. तेव्हा कुठं माझी जीभ उचलली. काकू तूर निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं.

“मले वाटलं, यायले इसर पडाले लागला,” त्या म्हणाल्या. “बटन इसरला मानूस, उद्या घर इसरन. म्हून इकाले लावली.” आणि पदर डोळ्याला लावून हसायला लागल्या. मला वाचवायला काकांनी नेमकं तेच सांगितलं होतं, ज्याची काकूंना सगळ्यात जास्त भीती होती.

नवी वायर काकांनी आणि मी मिळून ओढली, काकू काठावर बसून बघत होत्या. त्यानंतर दोन हिवाळे काका मनसोक्त हिंडले. रविवारी सकाळी नऊला शेगाव-अकोटकडचे परवानेवाले चार-पाच दोस्त सेटवर जमायचे. काका नावेतून त्यांना वारा कसा आहे ते सांगायचे, काकू घरातून सगळ्यांची चौकशी करायच्या.

यंदा दिवाळीनंतर काका दुपारी झोपले ते उठलेच नाहीत.

पुढच्या रविवारी नऊ वाजता काकूंनी मला बोलावून घेतलं आणि सेटसमोर बसल्या. दोस्तांना कुणी कळवलं नव्हतं. ते आपण सांगायचं असं काकूंनी ठरवलं होतं. त्यांनी बटन दाबलं. “आमचे हे नाई राह्यले,” त्या सरळ आवाजात म्हणाल्या. “गुरुवारी गेले.” आणि अंगठा तसाच दाबून बसल्या.

बटन दाबलेलं असतं तोवर समोरच्याचा आवाज येत नाही. घरातला पंखा, माझं नाक ओढणं, सगळं तिकडं ऐकू जात असणार.

“काकू, बटन सोडा,” मी म्हणालो.

“सोडलं का थे बोलतीन,” त्या म्हणाल्या. “मंग खरं होईन.”

मी शेजारी बसून राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांनी स्वतःच अंगठा उचलला. पलीकडे थोडी खरखर झाली. मग शेगावकडचा आवाज आला, “ताई, आमी सगळे हाओ इथं.”