लुसियनची शीळ

ओडीलचं नाव निघालं की आमच्या ट्रेमे वस्तीतले लोक म्हणतात, "तीच ना, भावाच्या मयताला ऐन वेळी गप्प राहिली ती?" माझं डोकं फिरतं. काही माहीत नसतं आणि मेल्यांची तोंडं मात्र चालतात.

आमचं जोडघर. मधे फळ्यांची भिंत, पलीकडे ओडील आणि तिचा भाऊ लुसियन. ती शाळेच्या स्वयंपाकघरात रोज तीनशे पोरांचं रांधायची. लुसियन तीस वर्षं मिरवणुकीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होता. छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला तेव्हा म्हणाला, "मला नेताना माझं क्लॅरिनेट तू वाजव. दुसऱ्या कुणाच्या हातात दिलंस तर बघ."

ओडील तेव्हा बावन्न वर्षांची. जन्मात पिपाणीसुद्धा वाजवलेली नाही.

शिकवायला अल्सीड आला. बँडचा म्होरक्या, ट्रम्पेटवाला, लुसियनचा लहानपणापासूनचा दोस्त. दर सोमवारी यायचा, लाल घेवडा आणि भात दोनदा वाढून घ्यायचा, मग शिकवायला बसायचा. चर्चमधल्या गाण्यांच्या चाली ती सहा महिन्यांत शिकली. अडलं ते पुढेच. जॅझमध्ये चाल सगळ्यांची असते, पण आपली पाळी आली की आपल्या मनानं वाजवायचं. कागद नाही, पाठांतर नाही. तिथे ती अशी काही किंचाळायची की मी भिंतीवर थाप मारून म्हणायचे, "ओडील, सोड गं त्या मांजराला."

"घेवड्यात मीठ मोजून घालतेस का?" अल्सीड तिला विचारायचा. "मग इथे कशाला मोजतेस? तुझं काय ते बोल."

एका सोमवारी ते आलं. लुसियन कोपऱ्यावरून घरी येताना शीळ घालायचा. ती तिनं उचलली, पण शेवटी वर नेण्याऐवजी खाली वळवली आणि तीन सूर अडखळत सोडले. माणूस दारापर्यंत आला आणि आत येईना, तसं वाटलं. मी इस्त्री बाजूला ठेवून ऐकत उभी राहिले.

आतून लुसियन म्हणाला, "हीच जागा. माझ्या वेळी हीच वाजव."

अल्सीडनं ती चार वेळा वाजवून घेतली.

मार्चमध्ये लुसियन गेला. कब्रस्तानापर्यंत संथ, रडवणारे सूर. थडगं बंद झालं, परतीची वाट धरली, तसा आमच्या रीतीप्रमाणे बँड उसळला, छत्र्या उघडल्या, सगळा रस्ता नाचायला लागला. मग एकेकाची पाळी. अल्सीडनंतर ओडीलची, असं त्यानंच ठरवलं होतं.

त्यानं ट्रम्पेट उचललं आणि तीच जागा वाजवली. अख्खी. शेवटचे तीन अडखळते सूरसुद्धा. लोक वेडे झाले. मग त्यानं ओडीलकडे बघून मान हलवली, घे म्हणून. आता तिनं वाजवलं असतं तर सगळे म्हणाले असते, बघा, बाई अल्सीडची नक्कल करतेय. आणि दुसरं तिच्याकडे काही नव्हतं. क्लॅरिनेट ओठांना लावून ती तशीच चालत राहिली.

घरी आल्यावर तिनं अल्सीडला माझ्यादेखत पायरीवर गाठलं.

"अगं, आमच्यात सगळेच एकमेकांचं उचलतात," तो म्हणाला. "लुसियनचं मी किती उचललं, त्यानं माझं. त्यात मानच असतो."

"उचललंस त्याचं काही नाही. माझ्या आधी वाजवलंस. माझ्याकडे एकच होतं, आणि ते तुला ठाऊक होतं."

त्यानं हातातली टोपी फिरवली. "इतकी सुंदर जागा, ओडील. लुसियनच्या मयताला ती कच्च्या हातात कशी सोडू?"

आणि निघून गेला, निर्लज्ज. वर्षभर तिच्या ताटात जेवलेला माणूस.

ती माझ्याकडे वळली. "कोरिन, भिंतीआडून सगळं ऐकलंयस तू. तू तरी ओळखलंस ना, ते माझं होतं?"

पहिल्या दोन सुरांतच ओळखलं होतं. आणि तरी मी नाचले होते, छत्री वर धरून, अल्सीडच्या अगदी पुढ्यात. मला थांबता आलं नाही.

"गर्दीत नीट ऐकू आलं नाही गं," मी म्हटलं.

तिनं फक्त "बरं" म्हटलं आणि दार लोटून घेतलं. त्या भिंतीपलीकडून पुन्हा एक सूर आला नाही. आता गल्लीतली मुलं ती जागा अल्सीडची म्हणून शिकतात, आणि मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही.