तावोंगाची फिरलेली पाठ

म्होने बाई रस्त्यावर दिसल्या की भाड्याच्या सायकलीवर माणसं नेणारी पोरं मान खाली घालून वाट वाकडी करायची. बाई भाडं बुडवायच्या म्हणून नव्हे हो. मागच्या गादीवर बसल्या की त्या पिशवीतून पाण्यानं भरलेली बाटली काढून उलटी धरायच्या. आत झाकणाला दोऱ्यानं बांधलेला जुन्या चपलेचा तुकडा असायचा, कोळी जाळं तरंगावं म्हणून लावतात तसला. मग हुकूम सुटायचा, "आता जोरात मार! आता ब्रेक! सांग बघू, सायकल जोरात निघाली की तुकडा कुठं झुकतो?"

"मागं," पोरं म्हणायची. आणि तो मेला तुकडा दर वेळी पुढं झुकायचा.

सायकल दुरुस्त करणारा लॅक्सन एकदा बाईंना बाजारात नेताना वैतागून म्हणाला, "बाई, बाजारात तुम्हाला जायचंय की चपलेला?"

"मला जायचंय, पण चपलेला आधी पोचायचंय," बाई म्हणाल्या.

बाईंचा जन्म इथलाच, मलावी सरोवराच्या काठावरचा. आई उसिपा मासे वाळवून विकायची. बाईंचं शिक्षणही इथंच झालं, आणि भौतिकशास्त्र सगळं फळ्यावर. गुरुजी चाकाचं चित्र काढायचे, बाजूला बाण, खाली सूत्र. बाईंनी ते वहीत उतरवलं, पाठ केलं, पैकीच्या पैकी मार्क मिळवले. पण त्यातल्या एकाही अक्षरावर त्यांचा विश्वास बसला नाही. त्याचा राग त्यांच्या मनात कायम राहिला. चित्रातला मासा खाऊन कुणाचं पोट भरलंय का कधी?

म्हणून शिक्षिका होऊन गावच्या शाळेत परतल्यावर त्यांनी भंगार गोळा करायला घेतलं. मोडक्या मिनीबसचं बेअरिंग लॅक्सनकडून फळीखाली बसवून घेतलं आणि गरगर फिरणारं स्टूल तयार केलं. सायकलच्या चाकातल्या ट्यूबमध्ये ओली वाळू ठासून भरली, म्हणजे चाक जड झालं. धरायला आसाच्या दोन्ही टोकांना कुदळीच्या दांड्याचे तुकडे बसवले. आई म्हणायची, "पोरी जावई आणतात, आमची चाकं आणते."

असं करता करता अकरा वर्षं गेली. त्या वर्षी भौतिकशास्त्राला आठ मुलं होती. बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला नावं पाठवायची तर शाळेत उपकरणं आहेत असं लिहून शाळा समितीच्या अध्यक्षांनी सही करायची होती. अध्यक्ष म्हणजे गावप्रमुख कामांगा. माणूस सरळ, पण मानापानाच्या बाबतीत भारी तिखट. त्यांनी साफ सांगितलं, "प्रयोगशाळा नाही तिथं आहे म्हणून सही करायला मी काय लबाड आहे? दाखवा, मग बघू." फॉर्म दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिनीबसनं जायला हवा होता. नाही गेला तर आठही जणांचा विषय सुटला. त्यातल्या तावोंगाला बोटींची इंजिनं शिकायला तांत्रिक कॉलेजात जायचं होतं, आणि भौतिकशास्त्राशिवाय तिला तिथं कुणी उभंसुद्धा केलं नसतं.

प्रमुख दहाला यायचे होते. साडेनऊला बाई तालीम घेत होत्या. तावोंगा स्टुलावर, पाय अधांतरी, दोन्ही हातांत दांडे आणि मधे चाक भिंगरीसारखं फिरतंय. आणि नेमके तेव्हाच तिच्या उजव्या हाताच्या दारात प्रमुख हजर!

आता आमच्याकडची रीत अशी, की थोर माणूस आला की बाईमाणसानं उंचावर बसून राहायचं नाही. आधी गुडघे टेकायचे, मग तोंड उघडायचं. तावोंगाला ते आईच्या दुधाबरोबरच मिळालेलं. पण उतरणार कशी? चाक टाकणार कुठं? बिचारी बसल्या जागीच त्यांच्याकडे वाकली. उजवा हात खाली गेला, आस कलला, आणि स्टूल फिरलं ना डावीकडं! पाठ थेट प्रमुखांकडे. ती घाबरून ताठ झाली, तर स्टूल तिथंच थांबलं.

वर्गाच्या तोंडचं पाणी पळालं.

बुडत्याचा पाय खोलात म्हणतात ना, तसं झालं. पोर पुन्हा त्याच हातानं वाकली. स्टूल पुन्हा फिरलं, तिचं तोंड क्षणभर प्रमुखांसमोर आलं नि पुढं निघून गेलं, आणि पुन्हा पाठच.

"या गावात माझ्याकडे पाठ करून अजून कुणी बसलं नव्हतं," प्रमुख म्हणाले आणि काठी उचलून वळले.

बाईंची अकरा वर्षांची मेहनत दारातून बाहेर चालली होती. त्या धावत पुढे गेल्या आणि दारातच गुडघ्यांवर बसल्या. "आबा, पाठ पोरीनं नाही फिरवली, चाकानं फिरवली!"

"चाकाला संस्कार नसतात, बाई. पोरीला असावेत."

स्टुलावर तावोंगाला रडू फुटलं. "आबा, शप्पथ, मी तुम्हालाच वाकत होते. वाकले म्हणूनच फिरले!"

"वा गं वा!" प्रमुख कुत्सितपणे म्हणाले. "इकडं वाकलं की पाठ फिरते. म्हणजे तिकडं वाकलीस की तोंड इकडं फिरेल, असंच ना?"

बाई गुडघ्यांवरून ताडकन उठल्या. "अगदी तेच! आबा, अगदी तेच! तावोंगा, डावा हात खाली कर!"

तावोंगानं नाक ओढत डावा हात खाली केला. स्टूल उलट्या दिशेनं, उजवीकडं, सावकाश वळलं. तिचं रडवेलं तोंड प्रमुखांसमोर आलं. "हात सरळ!" बाई ओरडल्या. तावोंगानं हात सरळ केले आणि ती बरोबर त्यांच्यासमोर थांबली.

प्रमुखांनी एकदा चाकाकडं पाहिलं, एकदा स्टुलाखाली वाकून पाहिलं. खाली कुणी लपलंय का, अशी शंका असावी.

"पुन्हा," ते म्हणाले.

तिसऱ्या खेपेनंतर त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "उतर खाली. मला बसू दे."

बाईंनी चाक फिरवून हातात दिलं. प्रमुख रुबाबात बसले, आपण काही फिरत नाही असा चेहरा करून. उजवा हात जेमतेम वीतभर खाली गेला असेल, तर स्टुलानं त्यांना गर्रकन नेलं आणि अख्ख्या वर्गाकडं, बाईंकडं, त्यांची पाठ झाली. पोरांनी ओठ चावले. हसावं तरी पंचाईत, न हसावं तरी पंचाईत.

"आता काय," पाठमोऱ्या प्रमुखांचा आवाज आला, "मीही सगळ्यांचा अपमान केला म्हणायचा!" आणि त्यांचे खांदे हसण्यानं गदगदू लागले. मग मात्र पोरांना कसलं आवरतंय!

फॉर्मवर 'उपकरणं आहेत का' या प्रश्नापुढं प्रमुखांनी स्वतःच्या हातानं 'आहेत, मी बसून पाहिली' असं लिहिलं आणि सही ठोकली. बाईंनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला.

निघताना तावोंगा पुढं आली आणि रीतसर दोन्ही गुडघे जमिनीला टेकू लागली. प्रमुखांनी तिचा दंड धरून तिला अर्ध्यातच थांबवलं.

"राहू दे, पोरी. तू आधीच वाकली होतीस. मलाच दिसलं नाही."