मस्कतची कुर्ली

माझ्या नवऱ्याचा असा समज आहे की माझ्या आयुष्यातलं त्याला ठाऊक नाही असं काही उरलेलं नाही. बिचाऱ्याचा समज खोटा आहे. एक गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही. आईला सांगणार होते. तिच्या शेवटच्या आजारपणात उशाशी बसून दोनदा तोंड उघडलंही होतं — आणि दोन्ही वेळा, औषधाची वेळ झाली का, एवढंच विचारलं. आज तुम्हाला सांगतेय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कदाचित कारण असेल.

ऐकायला क्षुल्लक वाटेल. टीव्हीवरच्या एका खेळातला एक खेकडा. आमच्या रत्नागिरीत त्याला कुर्ली म्हणतात. त्या कुर्लीबद्दल मी एका आठ वर्षांच्या मुलाला एक वाक्य बोलले. एकच.

पण आधी ते घर सांगते. म्हणजे बघा, अजूनही मी लांबचाच रस्ता धरतेय.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी एकोणीस वर्षांची, कॉलेजात. दुपारी कॉलेज सुटलं की राजिवड्यात एका मुलाची शिकवणी घ्यायला जायचे. मुलाचं नाव इम्तियाज, घरात इम्तू. तिसरीत होता, गणितात कच्चा. वडील मस्कतला नोकरीला. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. मी तिला रुकय्याभाभी म्हणायचे आणि ती मला ‘बाई’ म्हणायची — मला, एकोणीस वर्षांच्या मुलीला! घराच्या मागच्या पडवीत उभं राहिलं की खाडी दिसायची, ओहोटीला चिखलात कलंडलेल्या होड्या दिसायच्या. भाभी मला आल्या आल्या चहा द्यायची, सोबत नानखटाई. माझ्या स्वतःच्या घरी मला कुणी असा चहा हातात आणून दिला नव्हता.

त्या डिसेंबरात मस्कतहून गावचा एक माणूस आला. त्याच्याबरोबर इम्तूच्या अब्बांनी टीव्हीचा गेम पाठवला. एक राखाडी डबा, त्याला वायरने जोडलेला चपटा रिमोट, आणि आत घालायची पिवळी कॅसेट. असलं काही मी तोवर पाहिलं नव्हतं. टोपी घातलेला एक बुटका माणूस डावीकडून उजवीकडे धावायचा. खड्डे, विटा, पाइप. बटण दाबलं की उडी. आणि सगळ्यात शेवटी एक पूल — त्या पुलावर ती लाल कुर्ली.

ती अंगावर यायची नाही. तीन पावलं तिकडे, तीन पावलं इकडे, आडवी आडवी, स्वतःच्याच नादात. देठांवरचे दोन डोळे, वर धरलेल्या दोन नांग्या. तिच्या पाठीवर एकदा उडी मारली तर ती मरायची नाही, चिडायची. मग दुप्पट वेगाने फिरायची. मरायला दुसरी उडी लागायची, आणि ती नेमक्या क्षणी. इम्तू पहिली उडी बरोबर मारायचा. पण कुर्ली चिडली की त्याचे हात थिजायचे. ‘चिडली, चिडली’ म्हणत नुसता बघत राहायचा, आणि त्याची लाइफ जायची. तीन लाइफ संपल्या की पुन्हा पहिल्यापासून.

सुरुवातीला मी नुसती बघायचे. मग त्याने एकदा रिमोट माझ्या हातात दिला.

काय सांगू तुम्हाला? घरात रेडिओचं बटण वडिलांच्या हातात, सायकल भावाची, कॉलेजात मुली मैदानाच्या कडेने चालायच्या. त्या चपट्या रिमोटवर मी अंगठा दाबला आणि कुणीतरी माझ्या म्हणण्यावर उडी मारली. हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. तशा घरात वाढलेल्या हजारो मुलींनी मी केलं ते केलं नाही. पण मला तो खेळ हवा होता — भूक लागल्यासारखा हवा होता. चहाचा कप निवून जायचा आणि माझं लक्ष टीव्हीकडे. इम्तूला मी मुद्दाम लांबलचक भागाकार घालायला लागले. तो कोपऱ्यात बसून आकडे मांडायचा आणि मी खेळायचे. ही शिकवणी होती! भाभी स्वयंपाकघरातून डोकवायची तेव्हा मी म्हणायचे, ‘बक्षीस म्हणून जरा खेळू देते त्याला.’

मूल किती दिवस ऐकणार? एका दुपारी तो वही टाकून आला आणि रिमोटला हात घातला. ‘बाई, माझी पाळी.’ मी कुर्लीपर्यंत पोचलेले, शेवटची लाइफ. मी हात मागे घेतला. तो रडकुंडीला आला. आणि तेव्हा मी ते वाक्य बोलले. आवाज चढवून नाही, डोळे वटारून नाही. अगदी मायेने, त्याच्या केसांवरून हात फिरवत.

‘इम्तू, ही कुर्ली वाट अडवून बसलीय ना, ती मेल्याशिवाय तुझ्या अब्बांना सुट्टी मिळायची नाही. तुला ती मारता येत नाही. मला मारू दे.’

त्याने टीव्हीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

‘मस्कतला पन हीच कुर्ली हाय?’

‘हो,’ मी म्हणाले. ‘तिथे मोठी आहे.’

त्याने रिमोटवरचा हात काढून घेतला.

आता तुम्ही म्हणाल, एकोणीस वर्षांची पोर, बोलून गेली असेल. नाही. बोलून गेले असते तर दुसऱ्या दिवशी हसून मोडता आलं असतं. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा त्याने टीव्ही लावून ठेवला होता, रिमोट माझ्या जागेवर, आणि स्वतः वही उघडून कोपऱ्यात बसला होता. न सांगता. त्या दिवसापासून त्याने रिमोटला हात लावला नाही — आपल्या हातून चूक होईल म्हणून. मी पुलापाशी पोचले की तो हळूच येऊन माझ्या कोपराला हात लावून उभा राहायचा. श्वास रोखून. तो हात मला जाणवायचा. जाणवूनही मी खेळत राहिले.

आणि अजून मूळ गोष्ट आलीच नाही. यापुढचं लिहायला मी काल अख्खा दिवस घेतला.

मार्चमध्ये इम्तूला ताप आला. मला कळलं नव्हतं, मी नेहमीसारखी गेले. तो आतल्या खोलीत झोपलेला. भाभी म्हणाली, ‘आलाव तशा बसा, चाय घेऊन जावा.’ ती चहा करायला गेली आणि मी टीव्ही लावला, आवाज बंद करून. आणि त्या दिवशी कुर्ली मेली. पहिली उडी, चिडली, दुसरी उडी — उताणी पडली आणि खाली पाण्यात गेली. पुलापलीकडे नवा देखावा उघडला. डोंगर, ढग, सगळं वेगळं. मी एकटीच बसून ते बघत होते.

तो बरा झाल्यावर मी त्याला सांगितलं का? नाही. सांगितलं असतं तर अब्बा यायला हवे होते, आणि ते काही मी बोलावून येणार नव्हते. शिवाय वाट मोकळी झाली म्हटल्यावर तो पाळी मागणार. म्हणून मी काय केलं — ऐका — त्याच्यासमोर मी मुद्दाम हरायला लागले. दुसरी उडी मारता येत असताना मारायची नाही. तो कोपराशी उभा, आणि मी मुद्दाम उशीर करायचे. खेळातला माणूस मेला की इम्तू सुस्कारा टाकायचा आणि मलाच म्हणायचा, ‘असूंदे बाई. उद्या.’ मग तो आईला मदत करायला आत गेला की मी पूल ओलांडून डोंगरात जायचे.

एप्रिलच्या अखेरीस पत्र आलं. मे महिन्यातली सुट्टी रद्द, आता पुढच्या वर्षी. भाभीचे डोळे सुजलेले होते. इम्तू रडला नव्हता. वही घेऊन माझ्यासमोर बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, ‘आपल्याला जमला नाय म्हनून?’

मी त्याला भागाकार घातला.

दुसऱ्या दिवशी गेले तर घरात आरडाओरडा. इम्तूने गेम दप्तरात घातला होता, मागच्या बाजूने खाडीवर गेला होता आणि तो राखाडी डबा कॅसेटसकट पाण्यात टाकून आला होता. ओहोटी होती, शेजारच्या होडीवाल्याने चिखलातून काढून आणला. अंगणात डबा पडला होता, त्याच्या भोकांतून खारं पाणी गळत होतं. भाभी हातातल्या विणलेल्या पंख्याने इम्तूला मारत होती. तिने त्याच्यावर कधी हात उगारलेला मी पाहिला नव्हता. ‘अब्बाने किती हौशीने पाठवलान, का टाकलास? बोल, का टाकलास?’

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मी सांगेन म्हणून नाही, एवढं मला कळत होतं. मी कुणाला सांगू नये म्हणून. कुर्ली मारता आली नाही तेव्हा त्याने ती बुडवली होती, आणि ते आमच्या दोघांतलं होतं.

भाभी माझ्याकडे वळली. दमली होती, पंख्याची एक काडी मोडून लोंबत होती. ‘बाई, तुमाला कायतरी बोलला काय हा?’

‘नाही,’ मी म्हणाले.

तिने मस्कतला लिहिलं की पोरगा हाताबाहेर चालला. उत्तर आलं — घरात बाप्या माणूस नाही म्हणून बिघडतोय, मुंबईला चुलत्याकडे ठेवा. जूनमध्ये तो एसटीने गेला. चुलत्याच्या घरी तो पोचण्याआधीच त्याची कीर्ती पोचली होती. तिथल्या काकीने काचेच्या कपाटाला कुलूप लावलं होतं. हे भाभीनेच मला नंतर सांगितलं, हसत सांगायला गेली आणि मधेच थांबली. पुढच्या वर्षी अब्बा आले, तेव्हा मुलाची मुंबईत परीक्षा होती. दोघांची जेमतेम आठ दिवस गाठ पडली. त्यांनी माझ्यासाठी पोपटी रंगाचं साडीचं कापड आणलं होतं. भाभी म्हणाली, तुम्ही त्याच्यावर किती जीव लावला होतात. मी ते कापड घेतलं. नेसलेसुद्धा.

भाभीला म्हटलेलं ते ‘नाही’ भीतीपोटी होतं, हे कळतं. पण त्यानंतर भाभी आणखी वीस वर्षं जगली. राजिवडा माझ्या घरापासून चालत पंचवीस मिनिटांवर आहे.

तीन वर्षांपूर्वी मासळीबाजारात एका माणसाने मला हाक मारली. ‘बाई.’ दाढीत पांढरे केस आलेले, बरोबर शाळकरी मुलगी. मी ओळखलं नाही, त्यानेच नाव सांगितलं. मुंबईत असतो, राजिवड्यातलं जुनं घर बघायला आला होता. मुलीला म्हणाला, ‘या माझ्या बाई. लहानपणी मला अब्बांची फार आठवण यायची ना, तर माझं मन राखायला यांनी एक कुर्लीची गोष्ट रचली होती. रोज माझ्याबरोबर तिच्याशी लढायच्या. अब्बा यावेत म्हणून.’ मग माझ्याकडे वळला. ‘तेवढं कुणी केलं नाही, बाई, माझ्यासाठी.’

म्हणजे गोष्ट खोटी होती हे त्याला केव्हाच कळलं होतं. ती कुणासाठी रचली होती, ते कळलं नव्हतं. बाजारात गर्दी होती, पण त्याला बाजूला घेऊन बोलता आलं असतं. मला घाई नव्हती.

मी त्याच्या मुलीला विचारलं, कितवीत आहेस. ती म्हणाली, सहावीत. मी म्हटलं, छान. मग मी त्या दोघांचा निरोप घेतला आणि बांगडे घेऊन घरी आले.