विस्तवाच्या गोष्टीचा शेवट

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाकळ शिवणं. शिवत होती ती. मी नुसता सुईत दोरा ओवून द्यायचो. तिला जवळचं दिसत नव्हतं, आणि माझी निम्मी हयात मिलमध्ये मागावर तुटलेले धागे जोडण्यात गेलेली, बोटांना सवय होती. दुपारची वेळ. माधवनगरला चाळीतल्या आमच्या खोलीपुढं फरशीवर वाकळ पसरलेली. आत तिची जुनी लुगडी आणि माझं एक धोतर. शेजारच्या खोलीत रेडिओवर क्रिकेटची मॅच लागली होती.

ती म्हणाली, "आवं, आज विस्तवाची गोष्ट सांगते. हुंकार द्याल?"

"देतो. सांग."

"मधीच झोपायचं न्हाई."

"दिवसाढवळ्या झोपायला मी काय वटवाघूळ हाय?"

ती हसली आणि सुरू झाली. मी हूं हूं म्हणत गेलो. गोष्ट संपल्यावर तिनं दोरा दातानं तोडला, म्हणाली, "झालं, सुटले बाई," आणि भाकरी टाकायला उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर पाणी भरताना जी खाली बसली, ती उठलीच नाही. वाकळेचा एक कोपरा शिवायचा राहिला.

आता मुद्द्याचं सांगतो.

तिचं माहेर पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथं घरोघरी भुतांच्या गोष्टी. मुंजा, हडळ, चकवा, आसरा, सगळं गणगोत. लग्नात तिनं भांडी थोडी आणली आणि भुतं लय आणली. त्यांच्याकडं एक रीत होती. गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचंच. माणसानं हुंकार दिला नाही, तर उंबऱ्याबाहेर जे कुणी उभं असेल ते हुंकार देतं, आणि मग ती गोष्ट त्याची होते.

लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात तिनं मला एक गोष्ट सांगायला घेतली होती. मी पाळीवरनं आलेलो, कानात मागाचा खडखडाट तसाच. मी म्हणालो, "बंद कर तुझी भुतं. माझ्या घरात नकोत." तिनं बंद केली. चाळीस वर्षं मला एक गोष्ट सांगितली नाही. मला ते बरं वाटायचं. मी अडाणीच, चौथीतनं बाहेर पडलेला, पण एवढं काही मूर्ख असायला नको होतं.

मग चाळीत मास्तर राहायला आला. शाळेत शिकवायचा आणि दिवाळी अंकात भुताखेतांच्या कथा लिहायचा. एकदा पाणी मागायला म्हणून आमच्या दारात आला आणि हिच्या तोंडून चकव्याची गोष्ट ऐकून दोन तास उभाच राहिला. दारात, उंबऱ्याबाहेर. हूं हूं करत. त्या दिवसापासनं तो तिला आक्का म्हणायला लागला आणि मला दाजी. बहिणीचं नातं लावलं, म्हणजे मला तोंड उघडायला जागा ठेवली नाही.

मिल बंद पडली तेव्हा मी कुपवाडला एका कारखान्याच्या गेटवर राखणीला लागलो. संध्याकाळी सायकल घेऊन दारात यावं, तर हा आपला पायरीवर बसलेला, वहीत लिहितोय. ती निवडायचे तांदूळ मांडीवर घेऊन सांगतेय. डोळे असे मोठे करून, हात हलवून. माझ्याशी बोलताना तिचे हात कधी हलले नाहीत. माझ्याशी ती बोलायची ते रॉकेल संपलं, दळण आणा, एवढंच. मला बघितलं की गोष्ट थांबायची. मास्तर उठायचा. "या दाजी, बसा." माझ्याच घरात मला बसा म्हणायचा!

पुरुषाला बायकोचा संशय येतो तसला हा प्रकार नव्हता. तसलं काही असतं तर मी मास्तरला दोन ठेवून दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. इथं मारायचं कशाबद्दल? तो काय चोरून नेत होता? मीच टाकून दिलेलं तो उचलत होता. जळायचो मात्र खरा. आजही जळतो.

एका दिवाळीला मास्तर अंक घेऊन आला. हिची चकव्याची गोष्ट छापून आलेली. त्यानं ती मोठ्यानं वाचून दाखवली. ही पदर तोंडाला लावून ऐकत होती, पहिलटकरणीसारखी लाजत.

मी म्हणालो, "वर नाव कुणाचं हाय?"

मास्तरनं अंक मिटला. हीच म्हणाली, "नावाचं काय घिऊन बसलाय? भुताला कुठं नाव असतंय?"

"मास्तरला हाय की."

"मग त्येला असू द्या. तुमी कवा हुंकार दिलाता?"

मी सायकलची चेन तपासत बसलो. चेनीला काही झालं नव्हतं.

सगळ्या गोष्टी तिनं मास्तरला दिल्या. एक तेवढी अर्धीच दिली. ती विस्तवाची.

ती तिच्या आज्जीची गोष्ट. आज्जी दुसरेपणाची. पहिली बायको बाळंतपणात गेलेली. रितीप्रमाणं आज्जीच्या गळ्यात सवतीच्या नावाचा, चांदीच्या पत्र्यावर कोरलेला टाक बांधलेला. नवं लुगडं आलं की आधी टाकाला दाखवायचं, गोडधोड केलं की आधी टाकाला, मग आपण. तरी रोज दिवेलागणीला अंगणाच्या कडेला एक बाई येऊन उभी राहायची. हातात फुटकं खापर. म्हणायची, "बाई, वाईच विस्तव दे." दिवे लागल्यावर घरातला विस्तव बाहेर देत नाहीत, म्हणून आज्जी द्यायची नाही. ती बाई निघून जायची, आणि तिच्या मागं धुळीत पाऊल उमटायचं नाही. असं पुष्कळ दिवस चाललं. शेवटी एक दिवस आज्जीनं भाकरी थापता थापता म्हटलं, "बाहेर कशाला हुबी? आत ये. चूल तुजीच हाय." आणि त्या बाईनं उंबऱ्यावर पाय ठेवला.

इथवर मास्तरला ठाऊक होतं. पुढं आत येऊन त्या बाईनं काय केलं, ते आमची ही सांगेना. मास्तर वर्षभर मागं लागला होता. ही म्हणायची, "आज्जीची ताकीद हाय. ह्या गोष्टीचा शेवट आदी घरच्या माणसाला सांगायचा, मग बाहेरच्याला. आमच्या घरच्या माणसाला भुतं चालत न्हाईत."

म्हणजे चाळीस वर्षं ती माझ्यासाठी थांबली होती. आणि त्या दुपारी वाकळेवर बसून तिनं मला शेवट सांगितला. सगळ्यांत आधी मला.

मी ऐकला नाही.

हुंकार दिला. एकसुद्धा चुकवला नाही. पण कान रेडिओकडं होते. शेवटची षटकं चालली होती, चाळीतली पोरं ओरडत होती. तिनं बाईला उंबऱ्यावर आणलं तिथवर मी होतो. पुढं मी नव्हतो. त्या वेळी किती धावा हव्या होत्या, ते मला आजसुद्धा तोंडपाठ आहे.

तेरावं झालं आणि मास्तर आला. खाली मान घालून बसला. तिच्यासाठी तो माझ्यापेक्षा जास्त रडला होता. ते मला अजिबात आवडलं नव्हतं.

"दाजी," तो म्हणाला, "आक्का गेली त्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाली होती, उद्या या, विस्तवाची गोष्ट पुरी करते. आज ह्यांना सांगणार आहे, म्हणाली."

म्हणजे मला सांगायचं ते कशासाठी? याला सांगायला मोकळं व्हायचं म्हणून? "झालं, सुटले बाई," ते यासाठी?

"तुम्हाला सांगितला ना शेवट?" त्यानं विचारलं.

"सांगितला."

"मग?"

"मग काय? माझ्या बायकोची गोष्ट हाय. माझ्यापाशी राहील. सगळंच छापायला घावत नसतंय, मास्तर."

तो उठला, चपला घातल्या. पायरीवर थांबून म्हणाला, "राहू दे, दाजी. तुमच्यापाशी आहे, हेच पुष्कळ."

तो टोमणा असता तर बरं झालं असतं. तो मनापासनं म्हणाला, आणि तेच मला लागलं.

दिवेलागण झाली. मी वाकळ पुढ्यात घेऊन बसलो. तिचा आवाज आठवायला बघितला. सुई वर काढताना ती जरा थांबायची, तेवढं आठवलं. "आन् मग ती बाई आत आली," एवढं आठवलं. पुढं रेडिओ. परत पहिल्यापासनं सुरुवात करायची, परत तिथंच रेडिओ. घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि उंबऱ्याबाहेर काही उभं असलंच तर तेही गप्प होतं.

सकाळी उठलो. चहा केला नाही. वाकळ काखेत मारली आणि मास्तरच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो बनियनवर दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण.

"दाजी? एवढ्या सकाळी?"

"विस्तवाची गोष्ट सांग. तुला ठावं हाय तिथवर."

"मी? तुम्हाला तर..."

"मला ठावं न्हाई. तिनं सांगितली. मी हूं म्हनलो, पर ऐकली न्हाई. मॅच लागली हुती."

मास्तरनं वस्तरा खाली ठेवला. मला वाटलं, आता हा बोलणार, आणि बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं. त्यानं टॉवेलनं गाल पुसला, म्हणाला, "आत या."

मी उंबऱ्याच्या आत गेलो, खाली बसलो, वाकळ पसरली आणि राहिलेला कोपरा पुढं ओढून सुईत दोरा ओवला.

"पाटणच्या वर डोंगरात आक्काची आज्जी नांदत होती," मास्तर सांगायला लागला. ती सांगायची तसं त्याला येत नाही. हात हलत नाहीत त्याचे.

"हूं," मी म्हणालो.