खानदानी कापूस

आमचे थोरले काका प्रत्येक गोष्टीत खानदान बघत. सोयरीक करताना सगळेच बघतात. काका बैलात, कोंबड्यात आणि कापसातही बघत. पेडगावच्या काळ्या रानात त्यांचा कापूस एकाच साच्यातून काढल्यासारखा उभा असे. एखादं झाड तांबड्या देठाचं निघालं की ते उपटायला लावत. "बिजात हाय, जातीभायेरचं. जातवंत पिकात असलं ठेवायचं न्हाई."

मी नुकताच हैदराबादेहून जीवशास्त्र शिकून आलो होतो, तेही उर्दूतून.

"काय शिकून आलास रे?" काकांनी विचारलं.

"सजीव कसे बदलत गेले, ते. पिढीगणिक थोडे फरक आपोआप पडतात, त्यामागं कुणाचा हेतू नसतो. पण त्यातलं कोण टिकेल हे रोग, पाऊस, जमीन ठरवतात. तिथं शिस्त असते."

"म्हंजे कारभारी कुनीच न्हाई? मंग तर आपल्या कचेरीवानीच की!" काका पोट धरून हसले. "आन् बदललं कोन? आमी तर हाय तसेच हाव."

काकांकडे बघितल्यावर माझाही उत्क्रांतीवरचा विश्वास डळमळायचा.

त्या साली बिजात झाडं उपटायला काका बायांना घेऊन बांधाकडच्या कोपऱ्यात गेले. तिथल्या बाभळीला आग्या मोहोळ होतं. कुणाचा तरी धक्का फांदीला लागला आणि माश्या उठल्या. बाया डोक्यावरून पदर ओढून जागीच बसल्या. काका धोतर सावरत पळाले, म्हणून माश्यांनी त्यांनाच गाठलं. तोंड भोपळ्याएवढं सुजलं. कोपरा तसाच राहिला.

पोळ्यानंतर मर रोग आला. रान पिवळं पडून माना टाकू लागलं. एकसारखी झाडं एकसारखीच मेली. कोपऱ्यातलीही पुष्कळ गेली, पण तांबड्या देठाची बरीच उभी राहिली. मी काकांना तिथं नेलं.

"बघा काका. ही तांबडी झाली तेव्हा रोगाचा पत्ताही नव्हता. रोग आला आणि निवड झाली."

काकांनी वाकून एक तांबडा देठ बोटांनी चाचपला. मला त्यांची कीव आली. पण तेवढ्यात ते म्हणाले, "माश्या देवानंच धाडल्या, मला अडवायला. बाकी कुनाला चावल्या का?"

काकूंनी त्या झाडांचा कापूस वेगळा वेचला. सेलूच्या जिनिंगात सरकी सगळ्यांच्या सरकीत मिसळली असती, म्हणून ती घरीच हातानं काढली. दरसाल जगलेल्या झाडांचंच बी पेरत गेलो. काही वर्षांत सगळं रान तांबड्या देठांचं झालं. रोग येई, पण रान मरत नसे.

तहसीलदार बघायला आले. "ये बीज कहाँ से लाये?"

"घर का है साहब," काकांनी छाती काढली. "पुराना खानदान है."

दाराआड काकूंनी तोंडात पदर कोंबला.

गावानं बी मागितलं. काकांनी दिलं नाही. "ऐऱ्यागैऱ्याच्या रानात आमचं बी?" पण वेचणीच्या बायांच्या ओच्यातून मूठमूठ सरकी गावात जातच होती. पुढच्या हंगामात साऱ्या शिवारात तांबडे देठ उभे! काका संतापून शेजाऱ्याच्या बांधावर गेले.

"हे कुठून आलं?"

"वाऱ्यानं आलं आसंल, मालक," शेजारी हात जोडून म्हणाला.

काकांनी माझ्याकडे वळून विचारलं, "सरकी वाऱ्यानं उडती का रे?"

"उडते," मी म्हणालो.

माझ्या शिक्षणाचा गावाला झालेला एवढाच उपयोग.